वाट राखून ठेवणारे जाळे

लँडलाइनच्या तारेवरून ब्रॉडबँड घेतलेल्यांना आठवत असेल. नवा मोडेम आला की तंत्रज्ञ संगणकावर त्याचे पान उघडायचा आणि युजरनेम-पासवर्डच्या आधी दोन चौकोनांत दोन आकडे भरायचा. एका चौकोनावर ‘व्हीपीआय’ लिहिलेले असे, दुसऱ्यावर ‘व्हीसीआय’. बीएसएनएलची जोडणी असेल तर ० आणि ३५, मुंबईत एमटीएनएलची असेल तर ० आणि ३२. हे आकडे चुकले तर मोडेमवरचा डीएसएलचा दिवा छान स्थिर जळायचा, पण इंटरनेट काही चालू व्हायचे नाही. तार शाबूत, एक्स्चेंजशी संपर्क शाबूत, तरी वाट बंद.

कोल्हापूर असो, अकोला असो की पणजी, बीएसएनएलच्या प्रत्येक घरी तोच ३५ कसा? लाखो घरांचा क्रमांक एकच असेल तर एकाचा मजकूर दुसऱ्याकडे जात कसा नसे? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात दूरसंचाराच्या इतिहासातला एक मोठा वाद दडलेला आहे. संदेश पाठवण्याआधी वाट ठरवून, राखून ठेवायची, की संदेश सोडून द्यायचा आणि पुढचे पुढे बघायचे? वाद पन्नास वर्षांचा आहे आणि आज आपल्या खिशातल्या फोनपर्यंत आलेला आहे.

जुन्या टेलिफोनची रीत पहिल्या प्रकारची होती. पुण्याहून नागपूरला ट्रंक कॉल लागला की दोन टोकांमध्ये एक अखंड मार्ग तेवढ्यापुरता तुमच्या मालकीचा व्हायचा. तुम्ही बोला किंवा गप्प बसा, तो मार्ग दुसऱ्या कुणाला मिळत नसे. बोलण्यासाठी ही सोय उत्तम, पण संगणकांसाठी फार उधळी. संगणक क्षणभर भरपूर बोलतो आणि मग बराच वेळ मौन पाळतो.

साठच्या दशकात अमेरिकेतल्या रँड संस्थेत पॉल बॅरन आणि ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस या दोघांनी एकमेकांना न भेटता तोच तोडगा काढला. संदेशाचे लहान तुकडे करा, प्रत्येकावर मजकूर कुठला ते लिहा आणि एकाच तारेवरून अनेकांचे तुकडे आळीपाळीने पाठवा. या तुकड्याला ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांनी दिले. बॅरन यांच्या डोक्यात अणुयुद्धानंतरही टिकून राहील असे जाळे होते. डेव्हिस यांना महागडा संगणक अनेकांनी दुरून वापरावा, एवढेच हवे होते.

तुकडे करायचे हे ठरले. ते पाठवायचे कसे, यावर मात्र फाटे फुटले आणि त्यातला सर्वांत रंगलेला सामना फ्रान्समध्ये झाला.

लुई पूझां यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ‘सिक्लाद’ नावाचे प्रायोगिक जाळे उभारले. त्यात प्रत्येक पॅकेट पोस्टातल्या पत्रासारखे स्वतंत्र होते. पूर्ण पत्ता त्याच्यावरच, वाट वाटेतल्या यंत्रांनी त्या त्या वेळी ठरवायची. एखादे हरवले किंवा मागचे पुढे आले तर ते निस्तरण्याची जबाबदारी टोकाच्या संगणकांची. फ्रेंच टपाल-दूरसंचार खात्यातल्या रेमी देप्रे यांना हे पटणारे नव्हते. त्यांनी मधला रस्ता धरला. तुकडे हवेतच, पण पहिला तुकडा जाण्याआधी दोन टोकांमध्ये वाट आखून घ्यायची. वाटेतल्या प्रत्येक यंत्राने ती लक्षात ठेवायची, आणि मग त्या जोडणीचे सगळे तुकडे त्याच वाटेने, त्याच क्रमाने न्यायचे. टेलिफोनच्या जोडणीसारखेच, फक्त तार कुणाच्या एकट्याच्या मालकीची नाही. म्हणून तिला ‘आभासी’ जोडणी म्हणतात.

खात्याचे वजन देप्रे यांच्या बाजूला होते. १९७६ मध्ये आभासी जोडणीवर आधारलेले ‘एक्स पंचवीस’ हे आंतरराष्ट्रीय मानक मंजूर झाले. १९७८ मध्ये फ्रान्समध्ये ‘ट्रान्सपॅक’ हे त्यावर चालणारे सार्वजनिक जाळे सुरू झाले. पुढे फ्रेंच घराघरांत पोहोचलेले ‘मिनिटेल’ त्याच्याच जोरावर चालले, तेही थेट ३० जून २०१२ पर्यंत. पूझां यांच्या प्रकल्पाचे आर्थिक पाठबळ सत्तरच्या दशकाअखेरीस आटले. पण त्यांची कल्पना व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी उचलली आणि तिच्यावर आजचे इंटरनेट उभे राहिले. २०१३ मध्ये ब्रिटनचा राणी एलिझाबेथ अभियांत्रिकी पुरस्कार मिळालेल्या पाच जणांत पूझांही होते. हा न्याय तसा उशिराच झाला.

आता तो ३५.

आभासी जोडणी करताना पूर्ण पत्ता एकदाच लागतो, वाट आखताना. ज्या तंत्राबद्दल आपण पुढे बोलणार आहोत त्यात हा पत्ता २० बाइटचा असतो. एकदा वाट ठरली की पत्त्याचे काम संपते. त्यानंतर प्रत्येक तुकड्यावर फक्त एक छोटा क्रमांक लिहिलेला असतो. हा क्रमांक मुक्कामाचे ठिकाण सांगत नाही, तो फक्त पुढच्या स्विचला ‘मी कुठल्या जोडणीचा’ एवढेच सांगतो.

समजा, पुण्यातल्या स्विचला तीन नंबरच्या तारेवरून ३५ क्रमांकाचा तुकडा आला. स्विच आपला तक्ता बघतो. तिथे लिहिलेले असते: तीनवरून आलेला ३५ म्हणजे सातवरून बाहेर काढा आणि जाताना त्याचा क्रमांक ११२ करा. पुढचा स्विच आपल्या तक्त्यात ११२ शोधतो, त्याचा ६० करून पुढे धाडतो. असे प्रत्येक टप्प्यावर जुना क्रमांक पुसून नवा लिहिला जातो. मुक्कामी पोहोचेपर्यंत मूळ ३५ कुठेच शिल्लक नसतो. सगळी वाट पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणा एकाच यंत्राच्या तक्त्यात नसते. प्रत्येकाकडे फक्त आपल्यापुरती एक ओळ असते.

म्हणूनच लाखो घरांत तोच ३५ चालत होता. घर ते एक्स्चेंज ही तार प्रत्येकाची वेगळी, आणि क्रमांकाचा अर्थ त्या एका तारेपुरता. कॉलनीतल्या प्रत्येक इमारतीत एक ‘फ्लॅट नंबर ५’ असतो आणि कुणाचा गोंधळ होत नाही, तसेच. ३१ पर्यंतचे क्रमांक जाळ्याच्या अंतर्गत कामासाठी राखीव असतात. त्यामुळे ग्राहकांसाठीचे आकडे ३२ पासून पुढे सुरू होतात. एमटीएनएलने पहिलाच मोकळा आकडा घेतला, बीएसएनएलने तीन सोडून पुढचा.

या तंत्राचे नाव एटीएम. पैसे काढायचे यंत्र नव्हे, हा ‘असिंक्रोनस ट्रान्स्फर मोड’. ऐंशीच्या दशकाअखेरीस जगभरच्या दूरसंचार खात्यांनी एक मोठे स्वप्न पाहिले होते. आवाज, चित्र, संगणकाचा मजकूर, सगळे एकाच जाळ्यावरून न्यायचे आणि तेही टेलिफोनइतक्या खात्रीने. त्यासाठी आभासी जोडणीची कल्पना त्यांनी दोन मजली केली. खालच्या मजल्यावर आभासी वाहिनी, तिचा क्रमांक व्हीसीआय. वरच्या मजल्यावर आभासी मार्ग, म्हणजे अशा अनेक वाहिन्यांची मोळी, तिचा क्रमांक व्हीपीआय.

मोळी कशासाठी? आषाढी वारीचे उदाहरण घेऊ. माउलींच्या पालखीत दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात, रथापुढे अमुक, रथामागे तमुक. तुकोबांच्या पालखीतही तसेच क्रमांक. नुसते ‘रथामागे दहा’ म्हटले तर कुठल्या पालखीतली दिंडी ते कळत नाही. पालखी आणि क्रमांक दोन्ही सांगावे लागतात. पण हमरस्त्यावरच्या चौकात वाहतूक वळवणाऱ्या पोलिसाला दिंड्यांची यादी लागत नाही. कुठली पालखी कुठल्या रस्त्याने सोडायची, एवढे त्याला पुरते.

देशाच्या मुख्य तारांवरचे स्विच असेच वागतात. ते फक्त मार्गाचा क्रमांक पाहतात. आतल्या वाहिन्यांच्या क्रमांकांना ते हातही लावत नाहीत. ग्राहकाच्या बाजूला मार्गासाठी ८ बिट ठेवले होते, म्हणजे २५६ मार्ग, आणि वाहिनीसाठी १६ बिट, म्हणजे एकेका मार्गात ६५,५३६ वाहिन्या. एखादी केबल जेसीबीने तोडली तर हजारो वाहिन्यांच्या नोंदी एकेक करून बदलत बसायचे कारण नाही. एका मार्गाची नोंद बदलली की सगळी मोळी दुसऱ्या तारेवर जाते. फरक एवढाच, की पालखीचे नाव वाटेत बदलत नाही. इथे मात्र मार्गाचा क्रमांक प्रत्येक टप्प्यावर बदलतो.

तुकड्याचा आकार किती असावा, यावरून जे झाले ते अभियांत्रिकीपेक्षा राजकारणाच्या पुस्तकात शोभेल. एटीएमचे तुकडे सगळे सारख्याच मापाचे ठरले होते, त्यांना ‘सेल’ म्हणतात. टेलिफोनवरचा आवाज सेकंदाला ८,००० बाइट या दराने तयार होतो. ६४ बाइटचा सेल भरायला ८ मिलिसेकंद लागतात, ३२ बाइटचा भरायला ४. तेवढा वेळ पहिला शब्द तिथेच ताटकळतो. दूरच्या टोकाकडून आपलाच आवाज थोडा परत येत असतो. तो लगेच परतला तर कानाला कळतही नाही, उशिरा परतला तर प्रतिध्वनी ऐकू येतो आणि बोलणे अडखळते. तो घालवायला वेगळी यंत्रे बसवावी लागतात. अमेरिका एवढी विस्तीर्ण, की तिथे ती यंत्रे लागणारच होती, म्हणून त्यांना ६४ हवे होते. फ्रान्स लहान, ३२ बाइट ठेवले तर देशांतर्गत कॉलना ही यंत्रे टाळता येत होती, म्हणून युरोपचा आग्रह ३२ चा. १९८९ मध्ये दोघांनी मधला आकडा घेतला: ४८. त्यावर ५ बाइटचे शीर्षक, एकूण ५३. संगणकवाले दोनच्या पटींत विचार करतात, त्यांना ५३ हा आकडा अजून खुपतो. ४८ च्या हिशेबाने सेल भरायला ६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे फ्रान्सला हवी होती ती सूटही पूर्ण मिळाली नाही.

या आकड्यांच्या गमतीपलीकडे एटीएमचा खरा गाभा होता तो करार. जोडणी मागताना टोकाचे यंत्र आधी सांगायचे: सेकंदाला साधारण इतके सेल पाठवीन, कधी उसळी आली तर इतके, आणि एवढा उशीर मला चालेल. वाटेतला प्रत्येक स्विच आपल्याकडे तेवढी जागा शिल्लक आहे का ते तपासायचा. सगळ्यांनी होकार दिला तरच वाट तयार. नंतर कुणी कबुलीपेक्षा जास्त सेल पाठवू लागले तर त्या जादा सेलवर एका बिटाची खूण केली जाई. गर्दी झालीच तर आधी हे खुणेचे सेल टाकून द्यायचे.

आणि जागा नसेल तर? नकार. टेलिफोनच्या ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ची ही सुधारित आवृत्ती. इंटरनेटची रीत याच्या नेमकी उलटी. ते कुणालाही नाही म्हणत नाही. महाप्रसादाच्या रांगेसारखे आहे, येईल त्याला घ्यायचे, गर्दी वाढली की सगळ्यांनाच उशीर. एटीएम म्हणजे ताटे मोजून दिलेली लग्नाची ऑर्डर. तीनशे ताटे सांगितली तर तीनशे एकाव्या पाहुण्याला दारातच हात जोडायचे, पण आत बसलेल्या तीनशे जणांचे जेवण गरम आणि वेळेवर. दोन्ही रीती आपापल्या जागी योग्य आहेत. कुठल्या कामाला कुठली, हा प्रश्न आहे.

नव्वदच्या दशकात बऱ्याच जाणकारांना वाटत होते की टेबलावरच्या संगणकापर्यंत एटीएम पोहोचणार. तसे झाले नाही. एक कारण साधे अंकगणिताचे. इंटरनेटचे नेहमीचे मोठे पॅकेट १,५०० बाइटचे. ते एटीएमवरून न्यायचे तर त्याचे ३२ सेल होतात आणि तारेवर १,६९६ बाइट जातात. क्षमतेचा सुमारे आठवा हिस्सा नुसत्या शीर्षकांत आणि मोकळ्या जागेत खर्च. शिवाय ३२ पैकी एक सेल हरवला तरी अख्खे पॅकेट पुन्हा पाठवावे लागे. उरलेल्या ३१ सेलांची हमाली फुकट.

दुसरे कारण जास्त मूलभूत होते. लहान सेल हवे होते ते आवाजाचा तुकडा मोठ्या पॅकेटामागे अडकू नये म्हणून. सेकंदाला ६४ किलोबिटच्या तारेवर १,५०० बाइटचे पॅकेट जायला १८७ मिलिसेकंद लागतात. त्यामागे आवाज उभा राहिला तर संभाषण संपलेच. पण तारा वेगवान झाल्या. १५५ मेगाबिटवर तेच पॅकेट ७७ मायक्रोसेकंदांत जाते, १० गिगाबिटवर जेमतेम सव्वा मायक्रोसेकंदात. ज्या अडचणीसाठी ५३ बाइटची सगळी तारांबळ केली ती अडचणच नाहीशी झाली. इथरनेट स्वस्त होते, लावायला सोपे होते, आणि बाजाराने ते उचलले. एटीएम उरले ते मुख्यतः दूरसंचार कंपन्यांच्या आतल्या जाळ्यात आणि तुमच्या-आमच्या डीएसएल मोडेममध्ये. भारतात ब्रॉडबँड २००५ मध्ये सुरू झाले तेव्हा जगात हे तंत्र उताराला लागले होते.

सेल गेले, पण क्रमांक बदलत जाण्याची युक्ती गेली नाही. २००१ च्या जानेवारीत इंटरनेटच्या अभियंत्यांनी ‘एमपीएलएस’ची रचना प्रसिद्ध केली. पॅकेट हव्या त्या आकाराचे, त्याच्या डोक्यावर २० बिटांची एक चिठ्ठी, आणि प्रत्येक टप्प्यावर ती चिठ्ठी बदलायची. एका चिठ्ठीवर दुसरी चढवण्याचीही सोय आहे, म्हणजे वाहिनी आणि मार्ग हे दोन मजले नव्या नावाने परत आले. बँकांच्या शाखा, मोठ्या कंपन्यांची कार्यालये आज बहुधा अशाच वाटांनी जोडलेली असतात. पैसे काढायच्या एटीएममधून आपण नोटा काढतो तेव्हा त्या व्यवहाराचा संदेशही पुष्कळदा अशाच चिठ्ठीच्या आधाराने बँकेकडे जातो. नामसाम्य हा निव्वळ योगायोग.

आणि मोबाइल. फोर-जीमध्ये जुन्या पद्धतीची राखीव तार नाही, सगळे पॅकेटच. २०१६ मध्ये जिओ सुरू झाले तेव्हा त्या जाळ्यावरचे सगळे कॉल पॅकेटांतूनच जात होते. तरीही तुम्ही साधा कॉल लावता तेव्हा जाळे तुमच्या आवाजासाठी एक वेगळी आभासी वाट उघडते. तिला ठरावीक क्षमतेचे वचन असते. फोन आणि जाळ्याच्या टोकादरम्यानच्या उशिराची मर्यादा १०० मिलिसेकंद धरलेली आहे, आणि शंभरात एखादे पॅकेट हरवले तर चालते, कारण कान तेवढे सांभाळून घेतो. टॉवरकडे जागा नसेल तर ही वाट नाकारली जाते. ११२ सारख्या आपत्कालीन कॉलला जागा देताना अग्रक्रम ठेवण्याची सोयही याच रचनेत आहे. ॲपवरून केलेला कॉल मात्र इंटरनेटच्या साध्या वाटेने, व्हिडिओ आणि फोटोंच्या गर्दीतून जातो. यात्रेत, स्टेडियममध्ये, पुराच्या वेळी एखाद्या टॉवरवर ताण आला की हा फरक जाणवतो. अशा वेळी रुग्णवाहिका बोलवायची असेल तर ॲपच्या नादी न लागता सरळ नंबर फिरवणे बरे. एकदा लागलेला कॉल टिकण्याची शक्यता तिथे जास्त.

फाइव्ह-जीमध्ये ही कल्पना आणखी पुढे गेली आहे. एकाच जाळ्याचे आडवे काप करायचे, एक काप कारखान्याच्या यंत्रांसाठी, एक रुग्णालयांसाठी, एक सर्वसामान्यांसाठी, आणि प्रत्येकाला वेगळे वचन द्यायचे. तांत्रिकदृष्ट्या त्यात अशक्य काही नाही. अडचण जुनीच आहे. टॉवरची क्षमता मोजकी असते, आणि एका कापासाठी राखून ठेवलेली जागा गर्दीच्या वेळी दुसऱ्याच्या वाट्यातून येते. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारायला बंदी घातली. जुलै २०१८ मध्ये सरकारने इंटरनेट समानतेचे तत्त्व स्वीकारले, मात्र काही ‘विशेष सेवा’ त्यातून वगळल्या. दूरच्या गावातल्या रुग्णाचा ईसीजी शहरातल्या डॉक्टरकडे नेणारा काप त्या ‘विशेष’मध्ये बसतो, यावर फारसे दुमत होणार नाही. जादा पैसे भरणाऱ्या खेळाडूंसाठीचा ऑनलाइन गेमचा काप बसतो का, यावर कंपन्या आणि ग्राहकांच्या बाजूने बोलणारे अजून भांडत आहेत.